बँकेने फॅटकाचा फॉर्म पाठवलाय, भारतातल्या खात्यांचं आयआरएसला कळतं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, काही चुकलं तर सांगा. आठ वर्षं अमेरिकेत, आधी एच-वन-बी, आता ग्रीन कार्ड. भारतात एक एनआरई खातं (परदेशातली कमाई ठेवायचं) आणि त्याच्या एफडी, एक एनआरओ (भारतातल्या कमाईचं), आईच्या बचत खात्यावर तुमचं जॉइंट नाव, आणि इकडे यायच्या आधी सुरू केलेल्या दोन एसआयपी. इकडचा रिटर्न दरवर्षी वेळेत भरलाय, पण स्वतःच सॉफ्टवेअरवर, आणि भारतातलं काहीच त्यात दाखवलेलं नाही कारण "एनआरई तर टॅक्स फ्री असतं ना". आता भारतातल्या बँकेचा मेल आलाय की फॅटका डिक्लरेशन (अमेरिकेच्या करकायद्यासाठीचं जाहीरपत्र) अपडेट करा नाहीतर खातं ब्लॉक करू. म्हणून तुम्ही विचारताय की आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याला, खरंच कळतं का, आणि त्या फॉर्मवर "अमेरिकेचा टॅक्स रेसिडेंट आहात का" याच्यापुढे "नाही" टिक केलं तर काय होईल, कारण मित्राने तसंच केलंय आणि त्याला आजवर काही झालेलं नाही.

दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकते: "नाही" टिक करू नका. मित्राचं काय व्हायचं ते होईल. तुमच्याकडे आत्ता जी सगळ्यात मोलाची गोष्ट आहे ती म्हणजे आजवर हे तुम्हाला खरंच माहीत नव्हतं, आणि ती एका टिकमध्ये घालवाल. कसं ते पुढे येईलच, पण उत्तर लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयांचे टॅक्स रिटर्न करते आणि जुन्या वर्षांची निस्तरानिस्तर हा त्यातला मोठा भाग आहे. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, कळतं का. मला तो प्रश्न थोडा वाकडा वाटतो. कळतं की नाही यापेक्षा, त्यांना कळायच्या आधी तुम्ही स्वतःहून गेलात का नंतर, आणि तोवर कशाकशावर सही करून बसलात, यावर सगळा हिशोब ठरतो. तरी विचारलंयत तर कळतं कसं ते सांगते.

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या कायम एकत्र करतात. पहिली एफबार. १९७० च्या बँक सिक्रसी ॲक्टमधून आलेला हा रिपोर्ट तुम्ही स्वतः भरायचा, फिनसेन (अमेरिकेच्या अर्थखात्याचं, म्हणजे ट्रेझरीचं, एक कार्यालय) फॉर्म ११४, टॅक्स रिटर्नबरोबर जात नाही, वेगळ्या साइटवर ऑनलाइन जातो. परदेशातल्या प्रत्येक खात्याची वर्षातली सगळ्यात मोठी शिल्लक घेऊन त्यांची बेरीज १०,००० डॉलरच्या वर गेली की भरायचा. तारीख १५ एप्रिल, आणि न मागता १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते. यात टॅक्स शून्य आहे, नुसती माहिती आहे, आणि दंड मात्र टॅक्सपेक्षा भारी आहे.

दुसरी फॅटका. २०१० सालचा कायदा. त्याच्या मागे २००९ चं स्विस बँक यूबीएसचं प्रकरण आहे, ज्यात बँकेने ७८ कोटी डॉलर भरून तडजोड केली आणि मग साडेचार हजारांच्या आसपास खात्यांची माहिती अमेरिकेला द्यावी लागली. त्यानंतर अमेरिकेने उलटा मार्ग घेतला, एकेका बँकेच्या मागे लागण्यापेक्षा जगातल्या बँकांनाच सांगितलं की आमच्या लोकांची खाती शोधून कळवा, नाहीतर अमेरिकेतून तुमच्याकडे येणाऱ्या ठरावीक पैशांवर ३० टक्के कापू. ३० टक्क्यांची धमकी ऐकल्यावर बँका आणि सरकारं झपाट्याने लाइनीत आली. भारताने ९ जुलै २०१५ ला करार केला. त्यात भारतातली बँक थेट आयआरएसला काही पाठवत नाही, ती आपल्याकडच्या आयकर खात्याला फॉर्म ६१बी मध्ये देते, आणि तिथून ते अमेरिकेला जातं. तुम्हाला आलेला मेल याच साखळीतला आहे, बँकेला तुमचं काही "सापडलं" म्हणून आलेला नाही.

जातं काय? नाव, पत्ता, तुमचा एसएसएन (अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी नंबर), खाते नंबर, वर्षअखेरची शिल्लक, वर्षभरात जमा झालेलं व्याज. म्युच्युअल फंड असेल तर डिव्हिडंड आणि विक्रीची रक्कमही. ओळखतात कशावरून, तर जन्मस्थान अमेरिका, अमेरिकेचा पत्ता, अमेरिकेचा फोन नंबर, अमेरिकेतल्या खात्यात पैसे पाठवायची स्थायी सूचना, असल्या खुणांवरून. एनआरई खातं तर उघडतानाच तुम्ही परदेशातला पत्ता देता, तेव्हा तिथे शोधायला काही कष्टच नाहीत.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी घाबरवून धंदा करते असं व्हायचं. ही यंत्रणा काही अचूक नाही. अमेरिकेच्याच ट्रेझरीच्या टॅक्स तपासणी कार्यालयाने २०१८ मध्ये अहवाल दिला की आयआरएसने फॅटकावर ३८ कोटी डॉलरच्या आसपास खर्च केले तरी त्याची अंमलबजावणी करायला ते अजून तयार नाहीत. परदेशी बँकांकडून आलेल्या कित्येक नोंदींमध्ये एसएसएनच नव्हता, मग जुळवणार कशाशी. तेव्हा तुमच्या मित्राला काही झालं नाही यात मला नवल वाटत नाही. पण ती माहिती कुठे जात नाही, तिथेच पडून राहते. आणि मुदत संपायची वाट बघू म्हणाल तर तिथेही गोम आहे: फॉर्म ८९३८ (परदेशी मालमत्तेचा) भरायला हवा होता आणि भरला नाही, तर त्या वर्षाच्या रिटर्नची तीन वर्षांची मुदत एरवीसारखी संपत नाही, तुम्ही तो फॉर्म द्याल तेव्हापासून तीन वर्षं मोजतात. एफबारच्या दंडाला सहा वर्षं. म्हणजे गप्प बसून जुनं होईल हे अर्धवट खरं आहे आणि नेमकं जड बाजूला खरं नाही.

८९३८ चं नाव आलंच आहे तर, हा फॉर्म रिटर्नला जोडायचा असतो आणि त्याची मर्यादा एफबारपेक्षा वर आहे. अमेरिकेत राहणाऱ्या एकट्या माणसाला वर्षाच्या शेवटच्या दिवशी ५०,००० किंवा वर्षात कधीही ७५,००० डॉलर, नवरा-बायको एकत्र भरत असाल तर १,००,००० आणि १,५०,०००. अमेरिकेबाहेर राहणाऱ्यांना बरीच सूट आहे, एकट्याला २,००,००० आणि ३,००,००० पर्यंत. तुमच्या रकमा तुम्ही लिहिलेल्या नाहीत म्हणून हा फॉर्म तुम्हाला लागतो की नाही ते मी इथून सांगू शकत नाही. एफबार मात्र बहुधा लागतोच.

"माझे तर सहाच लाख आहेत" असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी एक हिशोब करून दाखवते. जानेवारीत एनआरई बचत खात्यात ६ लाख होते. मार्चमध्ये त्याची एफडी केली. पैसे तेच. पण एफबारमध्ये प्रत्येक खात्याची वर्षातली सगळ्यात मोठी शिल्लक धरतात आणि मग बेरीज करतात, बचत खात्याची ६, एफडीची ६, झाले १२ लाख, आणि १०,००० डॉलर म्हणजे आजच्या भावाने साधारण साडेआठ-नऊ लाख. गेलात वर. शिवाय प्रत्येक एफडीला स्वतःचा नंबर असतो, तेव्हा प्रत्येक एफडी वेगळी लिहायची. ज्यांच्या खात्याला ऑटो स्वीप (जादा शिल्लक आपोआप एफडीत वळवणं) लावलेलं असतं त्यांच्या स्टेटमेंटला एकेका वर्षात डझनभर छोट्या एफडी जन्मून मोडलेल्या असतात, ते बघून माणूस हबकतो, पण ते काम आहे, एकदा बसून करायचं.

आईच्या खात्याबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. पेन्शन आईची, पैसे आईचे, तुमचं नाव "दोघांपैकी कोणीही" म्हणून नुसतं सोयीसाठी. एफबारला याचं काही घेणंदेणं नाही, खात्यावर तुमचं नाव आहे म्हणजे पूर्ण शिल्लक लिहायची, निम्मी नाही. नुसता सहीचा अधिकार असला तरी लिहायचं. पण व्याजावर टॅक्स कोणी भरायचा हा वेगळा प्रश्न, तिथे पैसे कोणाचे आहेत ते बघतात, आणि आईची पेन्शन तिथे जमा होते, आई त्याचा रिटर्न भारतात भरते, तुम्ही त्यातून कधी काही काढलेलं नाही, हे दाखवता आलं तर ते व्याज तुमच्या उत्पन्नात धरायचं कारण नाही. उलट तुम्हीच दरमहा तिथे पैसे पाठवत असाल आणि ते साठत असतील तर ती गोष्ट वेगळी होते. इथे परिस्थितीवर खूप अवलंबून आहे, सरसकट उत्तर कोणी दिलं तर विश्वास ठेवू नका.

याशिवाय पीपीएफ असेल तर, एलआयसीची सरेंडर व्हॅल्यू असलेली पॉलिसी असेल तर, डीमॅट असेल तर, ते सगळं यादीत. स्वतःच्या नावावरचा फ्लॅट, जमीन, लॉकरमधलं सोनं यात येत नाही, फ्लॅटचं भाडं मात्र उत्पन्न आहे. आणि मुलं अमेरिकेत जन्मली असतील आणि आजी-आजोबांनी त्यांच्या नावाने भारतात एफडी केली असेल तर ते मूल अमेरिकेचं नागरिक आहे, मर्यादा ओलांडली की त्याच्या नावाने वेगळा एफबार, आईवडलांनी भरायचा. हे ऐकून लोक हसतात पण आहे ते असं आहे.

"टॅक्स फ्री" चा घोळ इथेच मिटवू. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त आहे, भारताने दिलेली सूट भारतापुरती. अमेरिका तिच्या नागरिकांकडून, ग्रीन कार्डवाल्यांकडून आणि दिवसांच्या हिशोबाने रेसिडेंट ठरणाऱ्यांकडून जगभरातल्या उत्पन्नावर टॅक्स घेते, त्यामुळे ते व्याज इकडे पूर्ण करपात्र, आणि भारतात काही भरलेलं नसल्यामुळे क्रेडिट (परदेशात भरलेल्या टॅक्सची वजावट) घ्यायलाही काही नाही. एनआरओचं उलट. तिथे बँक ३० टक्के आणि वर सेस धरून ३१.२ टक्के टीडीएस कापते, त्याचं क्रेडिट इकडे फॉर्म १११६ वर मिळतं, पण दोन देशांच्या करारात व्याजाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यावरचं कापलेलं अमेरिका मोजत नाही, ते भारतात रिटर्न भरून परत मागायचं. बरेच जण पूर्ण ३१.२ क्रेडिट घेऊन मोकळे होतात.

तुम्ही स्टुडंट व्हिसावर आला होतात का हे लिहिलेलं नाही. एफ-वनवरची पहिली पाच कॅलेंडर वर्षं दिवसांच्या हिशोबात साधारणपणे धरत नाहीत, त्या काळात नॉनरेसिडेंट असाल तर एफबारही नाही. थेट एच-वन-बी वर आला असाल तर ही सवलत नाही. ग्रीन कार्ड गेल्या वर्षी आलं म्हणून जबाबदारी गेल्या वर्षी सुरू झाली असं मात्र अजिबात नाही, हा गैरसमज फार दिसतो.

आता मुख्य मुद्दा, हेतू. एफबारच्या कायद्यात दोन दर आहेत. अजाणतेपणी राहिलं असेल तर मूळ १०,००० डॉलरपर्यंत, महागाईप्रमाणे वाढत आता १६,००० च्या वर गेलंय. जाणूनबुजून असेल तर मूळ १,००,००० (तेही आता दीड लाखाच्या पुढे) किंवा खात्यातल्या रकमेच्या ५० टक्के, यातलं जे जास्त ते. आणि हे दरवर्षी. अजाणतेपणीच्या दंडाबद्दल बरीच वर्षं वाद होता की प्रत्येक खात्यामागे धरायचा का प्रत्येक वर्षाच्या रिपोर्टमागे. रोमानियात जन्मलेले अमेरिकी नागरिक अलेक्झांड्रू बिटनर यांच्याकडून पाच वर्षांत २७२ नोंदींसाठी सरकारने २७.२ लाख डॉलर मागितले होते, सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला की दंड रिपोर्टमागे, म्हणजे ५०,००० डॉलर. स्वीप एफडीवाल्यांनी त्या निकालाचे आभार मानावेत.

पण जाणूनबुजून म्हणजे काय? तुम्हाला वाटेल तिजोरीत पैसे लपवणारा, खोट्या नावाने कंपनी काढणारा. कोर्टं ते तेवढं अरुंद धरत नाहीत, मुद्दाम डोळेझाक करणं आणि बेफिकिरीचं टोक गाठणंही त्यात बसवतात. आणि पुरावा कुठला बघतात तर तुमचाच रिटर्न. शेड्यूल बी (रिटर्नला जोडायचं व्याज-डिव्हिडंडचं पान) च्या तिसऱ्या भागात, सातव्या ओळीत, सरळ प्रश्न आहे की वर्षात कधीही परदेशातल्या खात्यात तुमचं हितसंबंध किंवा सहीचा अधिकार होता का, हो असेल तर एफबार भरायचा आहे का, आणि कुठला देश. तुमच्या सॉफ्टवेअरनेही हे विचारलेलं असणार, कुठल्यातरी पानावर, आणि तुम्ही "नो" दाबून पुढे गेला असणार. एका-दोन वर्षांत न वाचता दाबलं तर लोक समजू शकतात. त्यामुळे पहिलं काम म्हणून जुने रिटर्न उघडा आणि दरवर्षी त्या ओळीत काय आहे ते बघा. ते मला माहीत असल्याशिवाय मी पुढचा सल्ला देतच नाही.

म्हणून बँकेच्या फॉर्मवर मी सुरुवातीला एवढा जोर दिला. आजपर्यंत तुम्ही म्हणू शकता की एनआरई टॅक्स फ्री म्हणून मला वाटलं दाखवायचं नसतं, आणि ते खरं आहे, पटण्यासारखं आहे. पण मेल वाचून, हा प्रश्न विचारून, मग अमेरिकेचे टॅक्स रेसिडेंट असताना "नाही" वर टिक करून सही केली, तर त्या दिवसापासून तुमच्याच हातचा एक कागद तुमच्या विरुद्ध तयार झाला. भारतातही खोटी माहिती दिल्याबद्दल २०२३ पासून बँकेला अशा प्रत्येक खात्यामागे ५,००० रुपयांचा दंड होऊ शकतो आणि बँक तो खातेदाराकडून वसूल करू शकते, पण तो आकडा किरकोळ आहे, खरं नुकसान इकडे आहे. फॉर्म खरा भरा, एसएसएन द्या, बँकेने दिलेल्या तारखेच्या आत द्या.

खरा फॉर्म दिला की माहिती जाणार, मग निस्तरायला वेळ किती? भारतातल्या बँका कॅलेंडर वर्षाची माहिती पुढच्या ३१ मेपर्यंत देतात आणि देशादेशांतली देवाणघेवाण साधारण सप्टेंबरअखेर होते. म्हणजे काही महिने आहेत, आणि ते पुरतात, पण "बघू पुढच्या सीझनला" एवढे नाहीत. कारण आयआरएसने तपासणी सुरू केली की पुढे सांगणार आहे तो रस्ता बंद होतो.

रस्ते असे. उत्पन्न सगळं दाखवलेलं आहे आणि फक्त एफबार राहिले, तर उशिराचे एफबार कारण लिहून भरून टाकायचे, त्यांनी आधी तुमच्याशी संपर्क केलेला नसेल तर दंड लावत नाहीत. तुमचं व्याज दाखवायचं राहिलंय, तेव्हा हा तुमच्यासाठी नाही.

तुमच्यासाठी मला स्ट्रीमलाइन्ड (अजाणता राहिलेलं स्वतःहून दुरुस्त करायची आयआरएसची योजना) दिसतं, त्यातला अमेरिकेत राहणाऱ्यांचा प्रकार. तीन वर्षांचे सुधारित रिटर्न, १०४०-एक्स, सहा वर्षांचे एफबार, राहिलेला टॅक्स व्याजासकट, आणि ५ टक्के दंड. ५ टक्के कशाचे, तर त्या वर्षांतल्या वर्षअखेरच्या एकूण शिलकांपैकी सगळ्यात मोठी जी असेल तिचे, एकदाच. उदाहरण म्हणून, वर्षअखेरीच्या बेरजा ४८,०००, ५५,०००, ६२,००० अशा असतील तर ६२,००० चे ५ टक्के म्हणजे ३,१०० डॉलर. ५०,००० डॉलरच्या एफडीवर ७ टक्क्यांनी वर्षाला ३,५०० व्याज, २४ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये ८४० टॅक्स, तीन वर्षांचा अडीच हजारांच्या आसपास. त्यावर थोडं व्याज. लोक येतात तेव्हा त्यांच्या डोक्यात निम्मे पैसे जाणार असतात, हा आकडा बघून त्यांचा जीव भांड्यात पडतो. राज्याचा सुधारित रिटर्न वेगळा, आणि कॅलिफोर्नियात असाल तर तिथे परदेशी टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही हे धरून चला.

यातला अवघड भाग आकडे नाहीत, फॉर्म १४६५४ वरचं निवेदन आहे. आपण होऊन, शपथेवर, का राहिलं ते सांगायचं असतं. खातं कधी उघडलं, का उघडलं, पैसे कुठून आले, कोणाला विचारलं, त्या सातव्या ओळीत "नो" का होतं. तुमच्या बाजूच्या आणि विरुद्धच्या दोन्ही गोष्टी लिहायच्या. इंटरनेटवर तयार मसुदे फिरतात, "मला कायद्याची कल्पना नव्हती" असे चार ओळींचे, ते चिकटवू नका, मोघम निवेदन पूर्ण धरत नाहीत. तुमच्याच शब्दांत, तारखांसकट, साधं लिहिलेलं सगळ्यात चांगलं असतं. रिटर्नच्या पहिल्या पानावर लाल शाईने "स्ट्रीमलाइन्ड डोमेस्टिक ऑफशोअर" असं इंग्रजीत लिहून कागदी पाकीट ऑस्टिनला पाठवायचं, एफबार ऑनलाइन. "मंजूर झालं" असं पत्र येत नाही, चेक वटतो आणि शांतता असते, लोक त्या शांततेने बेचैन होतात पण तसंच असतं ते.

ज्यांनी हे वाचायला घेतलंय आणि भारतात परत गेलेत, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व अजून आहे, त्यांच्यासाठी याचाच परदेशातला प्रकार आहे आणि त्यात ५ टक्केही नाहीत. मागच्या तीन वर्षांपैकी एका वर्षात किमान ३३० पूर्ण दिवस अमेरिकेबाहेर आणि इकडे राहतं घर नाही, ही अट. मग मी परत जाणारच आहे तर तोवर थांबू का, असं विचारतात. ३,००० डॉलर वाचवायला दीड-दोन वर्षं सगळं माहीत असून गप्प बसायचं आणि पुन्हा शपथेवर अजाणतेपण लिहायचं, मी तरी कोणाला सांगणार नाही.

आणि तुमच्या पोटात अशी काही गोष्ट असेल जी इथे लिहिलेली नाही, म्हणजे कोणी सीपीएने (अमेरिकेतल्या सीएने) आधी सांगितलं होतं आणि तुम्ही सोडून दिलं, किंवा रक्कम मुद्दाम दुसऱ्याच्या नावे फिरवली, तर माझ्यासारख्या टॅक्सवाल्याकडे येऊन मन मोकळं करू नका. आधी टॅक्सचा वकील गाठा. फौजदारी प्रकरणात वकिलाशी बोललेलं संरक्षित असतं, टॅक्स तयार करणाऱ्याशी बोललेलं नसतं, आम्हाला बोलावलं तर सांगावं लागतं. तिथला मार्ग वेगळा, महाग, पण तुरुंगापासून लांब ठेवणारा.

काही गोष्टी आत्ता करू नका. एफडी मोडून भावाच्या खात्यात पाठवू नका, खाती घाईने बंद करू नका, बंद खात्याचाही त्या वर्षाचा हिशोब द्यावाच लागतो आणि वर पळापळ केल्यासारखं दिसतं. आणि या वर्षापासून गुपचूप बरोबर भरायला लागू, मागचं राहू दे, हेही नको. यंदाच्या रिटर्नवर अचानक ३,५०० डॉलर परदेशी व्याज आलं तर गेल्या वर्षी ते कुठे होतं हा प्रश्न कोणालाही सुचेल.

एसआयपीचं शेवटी ठेवलं कारण तो सगळ्यात कटकटीचा भाग आहे. भारतातले म्युच्युअल फंड अमेरिकेच्या नियमात पीएफआयसी (एका प्रकारची परदेशी गुंतवणूक कंपनी) धरतात, त्यांचा फॉर्म ८६२१, फंडागणिक वेगळा, आणि विकताना नफा धारणेच्या वर्षांत वाटून जुन्या वर्षांना त्या त्या वेळच्या सगळ्यात वरच्या दराने टॅक्स आणि वर व्याज. सगळ्या फंडांची मिळून वर्षअखेरची किंमत २५,००० डॉलरच्या आत असेल (जोडप्याला ५०,०००) आणि त्या वर्षात विक्री किंवा मोठं वाटप नसेल तर फॉर्ममधून बहुधा सुटका आहे. नवीन हप्ते थांबवा एवढं मी बेधडक सांगीन. असलेले विकायचे का ठेवायचे ते युनिटचं स्टेटमेंट बघितल्याशिवाय नाही.

कागद गोळा करायला आजच लागा, खरा वेळ तिथेच जातो. भारतातली बँक व्याजाचं सर्टिफिकेट एप्रिल ते मार्च देते, आपल्याला जानेवारी ते डिसेंबर लागतं, त्यामुळे सर्टिफिकेट पुरत नाही, पूर्ण स्टेटमेंट हवीत, सहा वर्षांची, मोडलेल्या एफडींसकट. जुनी स्टेटमेंट नेट बँकिंगवर अनेकदा मिळत नाहीत, शाखेला मेल करावा लागतो आणि पाठपुरावा करावा लागतो, आई जवळपास राहत असतील तर त्यांच्याकडून अर्ज देववा. एनआरओच्या टीडीएससाठी २६एएस (कापलेल्या टॅक्सचं आयकर खात्याकडचं विवरण) उतरवून घ्या. शिलकांना ट्रेझरीचा ३१ डिसेंबरचा दर लावायचा, व्याजाला वर्षाचा सरासरी दर. आणि इकडे आल्यावर एखादं जुनं पगाराचं खातं साधं बचत म्हणूनच राहिलंय का तेही तपासा, फेमाप्रमाणे (भारताचा परकीय चलनाचा कायदा) ते एनआरओ करून घ्यायला हवं होतं, आणि तेही यादीत येतं.

मला पुढे नेमकं सांगायचं असेल तर तीन गोष्टी कळवा: अमेरिकेत कुठल्या व्हिसावर कुठल्या वर्षी आलात, शेड्यूल बी च्या सातव्या ओळीत कुठल्या वर्षी काय आहे, आणि आईच्या खात्यात तुमच्याकडून पैसे जातात का. आकडे, खाते नंबर, बँकेचं नाव इथे लिहू नका.